हामानचे कान, तांदळाचे

"कान? कोनाचे कान गो बाय?"

"हामानचे."

"ह्यो कोन हामान? तुजे सोयऱ्यांतला हाय?"

"सोयऱ्यांतला कसला! वैरी होता आमचा. राजाचा प्रधान. एका दिवसात आमच्या सगळ्या ज्यू लोकांची कत्तल करायचं त्याने ठरवलं होतं. एस्तेर राणी आमच्यातली. तिने राजाला सांगून डाव उलटवला, आणि त्याने आमच्यासाठी उभारलेल्या फासावर त्यालाच चढवलं. त्याचा सण पुरीम. त्या सणाला तिकोनी बिस्किटं करतात, आत सारण भरून. त्यांना हामानचे कान म्हणायचं."

जाईबाईच्या हातातली भाकरी हातातच थांबली. तव्यावरची करपायला आली तरी तिचं लक्ष नाही.

"म्हंजे वैऱ्याचे कान भाजून खावाचे?"

"हो."

"सारन भरून!"

"हो गं बाई."

"बाय, ह्यो सन मना आवरला. ह्या काम मीच करन. दुसरे कोनाला सांगलास त मग बग."

हे बोलणं झालं ते ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोच्या कुंपणाला लागून जाईबाईची शेगडी असते तिथे. सकाळी पहिल्या गाड्या सुटायच्या वेळेला ती तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसते. सोबत लसणाची चटणी आणि असेल तर सुकटीचं कालवण. ड्रायव्हर-कंडक्टर हे तिचं मुख्य गिऱ्हाईक. त्यांच्याशी ती बोलते ते भांडल्यासारखं, आणि भांडते तेव्हा अख्खा डेपो ऐकतो. एकदा एका नव्या कंडक्टरने भाकरीची कड जाड आहे म्हणून ती परत केली. जाईबाईने ती भाकरी घेतली, कडेवर दोन बोटं ठेवून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाली, "बगा, यो पाव खाऊन वाढलेला." तो कंडक्टर आता रोज येतो आणि कड आधी खातो.

जाईबाई डोंबिवलीच्या पश्चिमेची, खाडीकाठच्या आगरी गावातली. गाव म्हणायचं आपलं. खाचरं होती तिथे आता टॉवर उभे आहेत, मिठागराच्या जागी गाड्या लावतात. पण गावकी आहे, वेस आहे, शिमगा आहे. गावात कुणाच्या घरी हळद असली की हजार माणसाच्या भाकऱ्यांचं काम जाईबाईच्या हवाली. चुलीपुढे बायकांची रांग बसवायची, उकड कुणी काढायची, थापायची कुणी, शेकायची कुणी, हे तिने बोट दाखवून सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. नवरा केमिकल कंपनीत होता, तो लवकर गेला. मुलगा संदेश टेम्पो चालवतो, तोच तिला पहाटे खोपटला सोडतो. सून कल्पिता एका डॉक्टरच्या दवाखान्यात नंबर लावायला बसते. जाईबाईला लिहिता-वाचता येतं, पण त्याची गरज पडली असं तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

आणि जिने कानांची गोष्ट काढली ती सिपोराबाई झिराडकर. शाळेतली निवृत्त बाई. बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून अलिबागकडे त्यांना शनवारतेली म्हणत. सिपोराबाईंची आजी झिराडची. तिची बोली आणि जाईबाईची बोली यात फार तर एका खाडीचं अंतर. त्यामुळे सिपोराबाई स्वतः पुस्तकातलं मराठी बोलल्या तरी जाईबाईचं बोलणं त्यांना आजीच्या घरात बसल्यासारखं वाटायचं.

पहिल्या भेटीत मात्र चांगलीच जुंपली होती. सिपोराबाईंनी विचारलं होतं, "या भाकरीत गहू नाही ना?"

"तांदलाचे भाकरीन गहू? माजे हातान किरे नाय परनार! तुना पायजे त घे, नाय त फुर जा."

"रागावू नका. माझ्या नातीला गहू बाधतो. कणभर पोटात गेला तरी आजारी पडते. सिलियाक म्हणतात त्याला. गव्हात ग्लुटेन म्हणून चिकट भाग असतो, तो तिच्या आतड्यांना चालत नाही."

 जाईबाईने हातातली थाप बाजूला ठेवली, हात धुतले, परात धुतली, आणि नव्या उकडीची एक भाकरी करून दिली. "घे. ही पोरीची. पैसे उंद्या दे, पोरीना पचली त." पचली. तेव्हापासून लेआची भाकरी खोपटहून जाते.

लेआ सात-आठ वर्षांची. सिपोराबाईंचा मुलगा रूबेन, त्याची मुलगी.

गेल्या पुरीमला घोटाळा झाला होता. रूबेनने एका दुकानातून 'गहू नसलेली' म्हणून बिस्किटं आणली. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. सिनेगॉगमध्ये एस्तेरची पोथी वाचून झाली, सगळे खायला बसले, लेआनेही खाल्लं. त्या रात्रीपासून पोर अंथरुणाला खिळली. बरी झाली, पण रूबेनने फर्मान काढलं. यापुढे पंगत कुठलीही असो, लेआचा डबा वेगळा. ताटातलं काही उचलायचं नाही.

"तेव्हापासून ती प्रत्येक सणाला सगळ्यांच्या मधे बसून डबा उघडते," सिपोराबाई म्हणाल्या. "रडत नाही हो. ते एक बरं नाही. मुकाट खाते आणि बाकीच्यांच्या ताटांकडे बघते. मला या वर्षी ती सगळ्यांच्या ताटातलं उचलून खाताना बघायचंय. रूबेन म्हणाला, शेवटचं एकदा बघतो. पुन्हा काही झालं तर विषय संपला."

"पंगतीन डबा?" जाईबाई म्हणाली. "लेकरू हाय का पावनी?"

सिपोराबाईंनी स्वतःच केले असते कान. पण उजवा हात मनगटातून मोडून प्लास्टरमध्ये, आणि त्यांची बिल्डिंग पाडून नवी बांधायला घेतलेली, त्यामुळे मुक्काम भाड्याच्या एका खोलीत. ओट्यावर दोन पातेली मावायची मारामार, सिनेगॉगभर माणसांचं कुठे करणार? म्हणून जाईबाईला विचारलं.

मग त्यांनी अटी सांगितल्या. गव्हाचा कण नको. जेवणात मटण असतं आणि मटणाबरोबर दुधाचं काही चालत नाही, म्हणून दूध, तूप, लोणी नको. नारळाचं दूध चालेल, खोबरेल चालेल. आणि कोलंबी, चिंबोरी त्यांच्यात निषिद्ध, म्हणून ती ज्या भांड्यात शिजली ते भांडं नको.

जाईबाई हसायलाच लागली. "म्हंजे माजा अख्खा घर बाद! बाय, माजे घरान पानी प्यावाचा तांब्या पन कोलंबीचा हाय."

शेवटी ठरलं असं की घराबाहेरची पडवी वापरायची. तिथे कधी चूल पेटली नव्हती. सिपोराबाईंनी पातेली, ट्रे आणि आपला छोटा ओव्हन संदेशच्या टेम्पोतून पाठवून दिला. जाईबाईने पडवी धुतली, शेणाने सारवली, आणि कोंबड्यांना दम दिला.

सारण म्हणून सिपोराबाईंच्या बहिणीने इस्रायलहून फोनवर सांगितलं होतं, खसखस. जाईबाईच्या दृष्टीने यात नवं काहीच नव्हतं. "मंग त करंजीचाच सारन जाला. खसखस, खोबरा, खजूर. तुजे हामानला आमचेच घरची करंजी लागते." वरच्या पारीची मात्र पंचाईत. नारळाच्या दुधात तांदळाच्या पिठाची उकड काढायची, खोबरेल आणि काजूची पूड घालून मळायची, इथवर जमलं. भाजल्यावर खुसखुशीतही झाली. पण लाटून तीन बाजू दुमडल्या की कोपरे फुटायचे. भाजताना सारण बाहेर यायचं आणि कान न दिसता ते फुटलेल्या शेंगेसारखं दिसायचं.

सिपोराबाईंनी एक खाऊन बघितलं. "चव फार सुंदर आहे. पण हा कान कुणीतरी चावलाय."

"चावू दे. सनाचे दिशी नीट करन."

पिठाचं तिने चोख केलं होतं. गावात महिपतची गिरणी. गिरणीत आधी काय दळलं त्यावर पुढचं दळण ठरतं, हे कुठल्याही बाईला कळतं. गव्हावर तांदूळ टाकला की गव्हाचं पीठ आलंच. जाईबाई गिरणी उघडायच्या आधी दारात जाऊन बसली. महिपतला जातं झाडायला लावलं, मग आपल्याच जुन्या तांदळाचा एक डबा दळून घेतला आणि ते पीठ कोंबड्यांना टाकलं. त्यानंतर खरं दळण. महिपत म्हणाला, "वहिनी, एवडा त मी माजे लग्नान पन नाय साफ केला."

"म्हनूनच ती पलाली," जाईबाई म्हणाली.

त्या वर्षी पुरीमची संध्याकाळ आणि आपली होळी एकाच दिवशी. तशी ती बहुतेक वर्षी आगेमागेच येते. सिपोराबाईंची आजी तर या सणाला होळीचाच सण म्हणायची. पोथी वाचताना हामानचं नाव आलं की सगळे पाय आपटतात, खुळखुळे वाजवतात, त्याचं नाव ऐकू येऊ देत नाहीत, हेही सिपोराबाईंनी सांगितलं तेव्हा जाईबाईने मान डोलावली होती. "म्हंजे तुमी पन बोंबलताव. मंग आपन येकच."

होळीच्या सकाळी सिपोराबाई गावात आल्या. त्या दिवशी त्यांचा उपास, राणीने धरला होता तसा, पाणीसुद्धा नाही. ओव्हनचं बटण त्यांनी आपल्या डाव्या हाताने फिरवलं. आमच्यात विस्तव आमच्या माणसाने लावावा अशी पद्धत आहे, म्हणाल्या. "आता मी जाते. मला उभं राहवत नाही. संध्याकाळी रूबेन येईल न्यायला. ओव्हन मधे बंद नका करू हं, नाहीतर मला पुन्हा यावं लागेल."

"देवाचे दिव्यासारका ठेवीन. तू जा, जरा आरवी हो."

आणि त्या गेल्यावर जाईबाईने तेच केलं जे आमच्या गावातली कुठलीही बाई करते. करंजीसारखं काही करायचं असलं की एकटीने करायचं नसतं. चार घरी सांगायचं, 'आमच्याकडे करंज्या हायत,' आणि बायका येतात. येताना जी ती आपापलं पोळपाट-लाटणं काखेत मारून येते. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. न बोलावणं हा अपमान, आणि लाटणं न घेता येणं म्हणजे फुकट खायला येणं. जाईबाईने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

बायका आल्या. पुढे हौसाबाई, जाईबाईची शेजारीण आणि चुलत जाऊ. जिच्याशी जाईबाई वर्षातले सहा महिने बोलत नाही आणि उरलेले सहा महिने गप्प बसत नाही. पडवीत गोल करून बसल्या. हात धुवायला लावले होते, बांगड्यासुद्धा चोळून धुतल्या होत्या. जाईबाई उकड मळून गोळे देत होती, कल्पिताने दवाखान्यातून सुट्टी घेतली होती, ती सारण भरून दुमडत होती.

"ह्ये कोनाचे कान गो? माजे सासूचे कराचे त मोठे लागतील," हौसाबाई म्हणाली.

"तुजे सासूचे कान असते त तुजा बोलना ऐकून ती पयलेच गेली असती."

हसण्याचा धुरळा उडाला. ताटं भरत आली. कोपरे फुटतच होते, पण बोटाने दाबून दाबून बसवत होत्या. ओव्हन तापला होता. पहिला ट्रे आत सारायचा म्हणून कल्पिता उठली.

तेवढ्यात जाईबाईचं लक्ष हौसाबाईच्या पोळपाटाकडे गेलं. जुना, घरातला, मधे एक बारीक चीर गेलेला. त्या चिरेत काहीतरी पिवळट, वाळलेलं बसलं होतं. जाईबाईने नखाने उकरलं. बोटावर घेऊन चोळलं. वास घेतला.

"हौसे, ह्या काय?"

"काय? पुरन. सकाली पोल्या केल्या ना निवदाच्या. धुतलाय ग पाट. पुसून आनलाय."

जाईबाईने बाकीच्या पाटांकडे बघितलं. होळीचा दिवस. गावात एक घर नव्हतं जिथे सकाळी गव्हाच्या पुरणपोळ्या लाटल्या नव्हत्या. प्रत्येक पाट तोच, प्रत्येक लाटणं तेच. लाटण्याच्या मुठीपाशी, पाटाच्या कडेला, जिथे फडकं पोचत नाही तिथे गहू.

 ज्या बाईने गिरणी झाडून घेतली होती, तिनेच हे पाट घरात बोलावले होते.

"आई," कल्पिता हळूच म्हणाली, "तुम्हीच सांगितलेलं लाटणी आणायला."

"मना ठावं हाय मी सांगला ता."

हौसाबाई म्हणाली, "आगो, चिमूटभर. तीबी वाललेली. भट्टीन जलून जाईल. कोनाला कलनार हाय?"

"पोटाला कलंल." जाईबाईने पाट पालथा घातला. "पोटाला सगला कलतं. आनि मंग ती पोर म्हातारी होईपातूर डबा घेऊन बसंल. उठा. सगले पाट बाहेर. ही ताटा होलीवरचे पोरांना वाटून टाका, त्यांना गहू पचतो, दगर पन पचतो."

"आनि मंग?"

"मंग काय, परत."

मंग काय, परत, हे म्हणायला सोपं होतं. पीठ सगळं उकडीत गेलेलं. महिपतच्या गिरणीवर सकाळपासून हरभऱ्याची डाळ आणि गहू, रांग रस्त्यापर्यंत. तिथे आता तांदूळ टाकणं म्हणजे हौसाबाईच्या पाटावरच दळणं. घरातल्या मिक्सरचं झाकण उघडलं की सुकटीच्या मसाल्याचा भपका यायचा.

जाईबाईने वर माळ्याकडे बघितलं. कल्पिताने तिला वर बघताना बघितलं.

"नाही हं आई. तो नाही."

माळ्यावर एक मिक्सर होता, खोक्यातला, फीतसुद्धा न कापलेला. कल्पिताच्या लग्नात आहेर आलेल्या मिक्सरांपैकी शेवटचा. बाकीचे तिने इकडेतिकडे लग्नांत देऊन संपवले होते. हा टिटवाळ्याच्या मावसबहिणीसाठी राखून ठेवलेला.

"शिवानीच्या लग्नात द्यायचाय तो! तारीख पन ठरलीय."

"तिना मी पितलेची परात देईन. मिक्सर बिगारतो, परात नाय बिगरत."

"परात कोण वापरतं आता?"

"मंग ती पन माल्यावर ठेवील. काढ."

कल्पिता तणतणत शिडी लावून चढली, पण खोकं खाली आणताना जपून आणलं. पडवी, पातेली, ट्रे, सगळ्यांचे हात पुन्हा धुऊन झाले. तांदूळ धुतले, नव्या कोऱ्या धोतरावर पंख्याखाली पसरले. सुकेपर्यंत बायका बसून राहिल्या. घरी जा म्हटलं तरी कुणी गेली नाही. हौसाबाई तर खांबाला टेकून बसली होती, तोंड एवढंसं करून.

"बोलवाला पायजे व्हता तर नीट सांगाचा," ती म्हणाली.

"माजा चुकला. झाला? आथा तोंड सरल कर, नाय त तुजाच कान भरतंय."

दळून झाल्यावर कल्पिताने चाळण आणली. जाईबाईने चाळणीकडे नुसतं बघितलं. कल्पिता ती घेऊन परत गेली आणि कोऱ्या मलमलीचा तुकडा घेऊन आली. ओव्हन एवढा वेळ रिकामाच जळत होता. पडवी तापून निघाली होती. संदेश टेम्पो लावून आला, म्हणाला, "आई, मीटर कसला पलतोय बग." जाईबाई म्हणाली, "पलू दे. सिपोराचा दिवा हाय."

उरलेलं सारण टाकून नवं केलं. उकड निघाली. मळून झाली. गोळे झाले. आणि मग सगळ्या थांबल्या, कारण लाटायचं कशावर?

जाईबाईने नारळाच्या दुधात तळवे बुडवले. गोळा घेतला, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकला. थप, थप. भाकरी थापतात तशी, पण बशीएवढी. फिरवत फिरवत कड पातळ केली, मधे सारण ठेवलं, तीन बाजू उचलल्या, कोपरे चिमटले. कोपरा फुटला नाही. दुसरा केला. नाही फुटला. तिने तो उलटापालटा करून बघितला आणि स्वतःवरच वैतागली.

"हातावर भाकरी थापून थापून मी म्हातारी झाली, आनि कालपासून लाटत बसलंय! लाटताना वरून सुका पीठ लावलास का कोपरा सुकनार. ओले हातान थाप. ह्या काय शिकवाला पायजे? थापा गो!"

शिकवायला कुणालाच लागलं नाही. पडवीत बसलेल्या सगळ्याच बाया लहानपणापासून हातावर भाकरी थापणाऱ्या. पाट नाही, लाटणं नाही, नुसते हात. हौसाबाईचे सगळ्यांत गोल होत होते, आणि ते जाईबाईला दिसत होतं, पण तिने ते म्हणून दाखवलं नाही. ट्रे आत गेले, बाहेर आले. कडा तांबूस, मधून खसखशीचं काळपट सारण डोकावतंय. तीन कोपरे जागच्या जागी.

उन्हं कलायला लागली तेव्हा रूबेनची गाडी वेशीत आली. बँकेत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, उपासाने उतरलेलं तोंड. दारात चपला काढून उभा राहिला.

"सगळं व्यवस्थित झालं ना, मावशी?"

कल्पिताने जाईबाईकडे बघितलं. हौसाबाईने जमिनीकडे.

"नाय," जाईबाई म्हणाली. "बस, सांगतंय."

तिने सगळं सांगितलं. पाटाची चीर, पोळ्या, बायका, कोणी बोलावल्या ते. काही गाळलं नाही. रूबेनचा चेहरा हळूहळू दगड होत गेला.

"मग हे जे आहेत..."

"ह्ये दुसरे. पयले होलीवर गेले. बग जा, पोरा खातान."

त्याने विचारायला सुरुवात केली. तांदूळ कुठे सुकवले? मिक्सर कुठला? पीठ कशातून गाळलं? पाट गेल्यावर पडवी पुसली का? ती पातेली, ते ट्रे? जाईबाईने एकेकाचं उत्तर दिलं. मिक्सरचं खोकं दाखवलं, त्याची कापलेली फीत दाखवली. ती पाहून कल्पिताने सुस्कारा टाकला.

रूबेनने खोकं उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाला, "गेल्या वर्षी त्या दुकानदारालाही मी असंच सगळं विचारलं होतं. तो म्हणाला होता, साहेब, शंभर टक्के."

"त्यो शंभर बोलला. मी तुना काय बोलली? चुकली म्हनून बोलली. नसती सांगली त तू हासत घेऊन गेला असतास." जाईबाईने डब्याचं झाकण लावलं, वरून कोरं फडकं बांधलं. "आथा पोर तुजी. न्यावाचा त ने, नको त ठेव, मी खाईन. पन नेलास त येक आयक. तिचे चार येगले काढून डब्यान भरू नको. सगल्यांचे ताटान सगले येकच ठेव. भ्याचा असंल त सगल्यांनी भ्या."

रूबेनने गाठ सोडली, झाकण उघडून वास घेतला. उपास होता, खाऊन बघता येत नव्हतं. पुन्हा गाठ बांधली, जरा घट्टच, आणि डबा उचलून गाडीत पुढच्या सीटवर ठेवला. सीटबेल्ट लावला त्याला. मग गाडी वळवून निघून गेला.

"नेईल पन देनार नाय," हौसाबाई म्हणाली.

"तुजे तोंडाला होलीची राख," जाईबाई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. त्या संध्याकाळी होळीवर तिने बोंब मारली ती दर वर्षीपेक्षा मोठी होती. गावाला वाटलं, शिमगा चढला.

धुळवडीला खोपटला कुणी नसतं. त्यानंतरच्या सकाळी जाईबाईने शेगडी पेटवली, आणि ज्या बाजूने सिपोराबाई येतात त्या बाजूला पाठ करून बसली. उकड मळताना दोनदा पाणी जास्त झालं. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरने विचारलं, "मावशी, तब्येत?" तर त्याला म्हणाली, "तुजी गारी बग."

"जाईबाई."

तिने वळून बघितलं. सिपोराबाई, प्लास्टर गळ्यात. आणि दुसऱ्या हाताला लेआ. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, गाल चांगले टवटवीत. जाईबाईने आधी पोरीला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग पोटाकडे बघितलं.

"दुकतं?"

लेआने मान हलवली. नाही.

"कुटंच नाय?"

"कुठेच नाही. मी तीन खाल्ले. बाबांनी आधी एक खाल्ला सगळ्यांच्या समोर, मग ताट माझ्यासमोर धरलं. मी तोडून बघितला, आत काळं होतं. शेजारी बसलेल्या एलायजाने माझ्या ताटातला पळवला, तर मी त्याचा घेतला."

"आनि डबा?"

"डबा आणलाच नव्हता."

सिपोराबाई म्हणाल्या, "रात्रभर माझा मुलगा तिच्या उशाशी बसला होता हो. सकाळी ही उठली आणि म्हणाली, कान उरलेत का? तो तिथेच झोपला मग, बसल्या बसल्या." आणि त्यांचे डोळे भरायला लागले.

"बास," जाईबाई म्हणाली. "हितं शेगरी हाय, विस्तव इझल."

लेआ शेगडीजवळ सरकली. "आजी, अजून आहेत का कान?"

"कान सनाला."

"आत्ता का नाही?"

"रोज रोज वैरी कोन आनू मी तुना?" जाईबाईने पाण्यात हात बुडवले आणि गोळा उचलला. "ही भाकर खा, शालंन जा, मोठी हो. पुडचे शिमग्याला ये माजे घरा. हौसा म्हनून येक हाय, ती तुना थापाला शिकवील. माजेपेक्षा गोल थापते. तिना सांगू नको मी बोलली ता."

थप, थप. भाकरी हातावर फिरली, तव्यावर पडली. पलीकडे कंडक्टर घंटी वाजवत उभा होता.

"ओ मावशी, दोन बांधा, गाडी सुटते!"

"सुटू दे. तुजे गारीपेक्षा माजी भाकरी टायमावर हाय," जाईबाई म्हणाली, आणि तव्यावरची उलटली.